खानदेशात फ्रंटोसा पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रंटोसा हा आफ्रिकेतल्या टँगानिका सरोवरातला, सिक्लिड कुळातला मासा. तो फूटभर वाढतो आणि नीट ठेवला तर वीस वर्षं जगतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत तो ठेवायचा म्हटलं की एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी: आपल्याकडचं जड पाणी त्याला मानवतं, आपला उन्हाळा मानवत नाही. म्हणून टाकी कुठं ठेवायची, पंप कोणता, मासे किती, हे सगळं मे महिना डोळ्यांपुढे ठेवून ठरवायचं.

फ्रंटोसा म्हणून दुकानात जे मिळतं ते सगळं एकच असतं का?

नाही. सायफोटिलापिया फ्रंटोसा या जातीचं शास्त्रीय वर्णन बूलेंजर यांनी १९०६ मध्ये केलं. सरोवराच्या दक्षिणेकडच्या माशांना २००३ मध्ये सायफोटिलापिया गिबेरोसा ही वेगळी जात मानलं गेलं. आपल्याकडच्या दुकानांत बहुतेक वेळा ‘बुरुंडी’ प्रकार असतो. त्याच्या अंगावर सहा काळे पट्टे असतात. ‘किगोमा’वर सात असतात. निळसर झाक जास्त असलेले ‘झांबियन ब्लू’, ‘मोबा’ वगैरे प्रकार महाग. कोणताही घ्या, पण एका टाकीत एकच. त्यांचा आपसांत संकर होतो आणि पुढची पिल्लं कुठल्याच प्रकारची म्हणून देता येत नाहीत.

नर ३० ते ३५ सेंटीमीटरपर्यंत जातो, मादी २५च्या आसपास थांबते. कपाळावरचा उंचवटा दोघांनाही येतो, नराचा मोठा. तेवढ्यावरून लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही. चार-पाच इंचांच्या आतला मासा कुणी ‘नक्की मादी’ म्हणून विकत असेल तर त्या शब्दावर जास्तीचे पैसे देऊ नका.

तीन किंवा चार फुटी टाकीत चालेल का?

दोन-अडीच इंचांची पिल्लं चार फुटी टाकीत वर्षभर वाढवता येतात. कायमची जागा मात्र कमीत कमी ६ फूट × २ फूट × २ फूट. यात रुंदीला लांबीइतकंच महत्त्व आहे. दीड फूट रुंदीच्या टाकीत फुटाचा मासा धड वळू शकत नाही आणि दबलेल्या माशाला नरापासून लांब जाता येत नाही. दोन फूट उंचीला काच १२ मिलीमीटरची घ्या आणि वरून आडव्या पट्ट्या मारून घ्या. ८ मिलीमीटरच्या टाक्या स्वस्तात मिळतात, पण या उंचीला त्या घेऊच नयेत.

तीन फुटी टाकीतच ठेवायचं असेल तर फ्रंटोसाचा नाद सोडून द्या. टँगानिकातच रिकाम्या शंखांत राहणारे दोन इंचांचे सिक्लिड आहेत, त्यांना ती टाकी प्रशस्त होते.

एवढं वजन घराला पेलेल का?

हिशेब करून पाहा. काठोकाठ भरली तर ६८० लिटर पाणी, म्हणजे ६८० किलो. १२ मिलीमीटर काचेचं वजन सुमारे १२० किलो. दीड इंच वाळू ६५ किलोच्या आसपास. दगड आणि लोखंडी स्टँड धरलं की एक टन होतो. तळमजल्यावर, फरशीखाली भराव नीट दाबलेला असेल तर काही अडचण नाही. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर भिंतीलगत, बीमच्या रेषेत ठेवा आणि आधी इंजिनिअरला दाखवा. धाब्याच्या जुन्या घरात किंवा लाकडी माडीवर ही टाकी ठेवायचीच नाही.

स्टँड दोन इंची चौकोनी पाइपचं वेल्डिंग करून घ्या. चारही कोपरे गवंड्याकडच्या पाण्याच्या नळीनं तपासा, डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नका. प्लायवर थर्मोकोलची शीट टाकून मग टाकी ठेवा. पाणी भरल्यावर एका कोपऱ्यात पातळी अर्धा सेंटीमीटर जरी खाली दिसली, तरी पाणी काढून, स्टँडखाली पाचर मारून टाकी सरळ करावी. तिरकी टाकी महिनोन्‌महिने ताण घेत राहते आणि जोड सुटतो तो नेमका भर उन्हाळ्यात.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा, ती संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. रस्त्यालगतची खिडकीही टाळा. वरातीचा बँड आणि फटाके यांनी हा मासा दचकतो आणि काचेवर डोकं आपटून घेतो.

बोअरचं पाणी वापरावं की नळाचं?

दोन्ही चालतात, पण आधी तपासा. टँगानिकाच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, ८.६ ते ९.२च्या दरम्यान असतो. घरच्या टाकीत ८.२ ते ८.८ पुरे. आपल्याकडच्या बोअरचं पाणी सहसा जड असतं, त्यामुळे मऊ पाणी लागणारे दक्षिण अमेरिकेतले मासे पाळणाऱ्यांना जो त्रास होतो तो इथं होत नाही. बादलीत पाणी घेऊन २४ तास एअर पंप चालवा आणि मग पीएच मोजा. बोअरमधून नुकतंच काढलेलं पाणी कार्बन डायऑक्साइडमुळे खोटं कमी दाखवतं.

शेतीच्या पट्ट्यातल्या बोअरला खतांमुळे नायट्रेट असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. टाकीत आपल्याला ते ३०च्या आत हवं असतं. बोअरमध्येच ४० निघालं तर कितीही पाणी बदलून उपयोग नाही, मग नळाचं पाणी घ्यावं किंवा निम्मं आरओचं मिसळावं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की ते वाढवलेलं असतं. १०० लिटरला १ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, विरघळवून टाका. ते काही मिनिटांत काम करतं. जिथं नळ तीन-चार दिवसांनी किंवा आठवड्यानं येतो तिथं २०० लिटरचे दोन ड्रम फक्त टाकीसाठी भरून ठेवणं हाच उपाय. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी एप्रिल-मे महिन्यात दुपारी थेट सोडू नका, ते ४० अंशांपर्यंत तापलेलं असतं. पहाटे काढा.

पीएच कमी असेल तर काय टाकावं?

खायचा सोडा. टाकीत प्रत्यक्षात ६०० लिटर पाणी असेल तर १८ ग्रॅम सोड्यानं केएच, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या कार्बोनेटचं माप, साधारण १ अंशानं वाढतो. दिवसाला याहून जास्त वाढवू नका. केएच १० ते १२वर स्थिर राहिला की पीएच आपोआप जागेवर राहतो. फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत दोन किलो शिंपल्यांचा चुरा ठेवा, तो पोल्ट्रीच्या खाद्याच्या दुकानात मिळतो. चांगला उकळून आणि धुऊन वापरा. पीएच कमी करायचं किंवा वाढवायचं बाटलीतलं औषध मात्र नको. केएच न सुधारता पीएच ढकलला की दोन दिवसांत तो परत येतो आणि ती वरखाली माशाला जास्त बाधते.

मे महिन्यात काय करायचं?

भुसावळ-जळगावला पारा ४५च्या पुढं जातो आणि बंद खोलीतल्या टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर पोचतं. फ्रंटोसाला २४ ते २७ अंश हवेत. २९-३० तो भरपूर हवेवर काढतो, ३२च्या पुढे धोका सुरू होतो. कारणं दोन. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २५ अंशांना लिटरला ८ मिलीग्रॅमच्या थोडा वर, ३४ अंशांना जेमतेम ७. आणि त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते.

सगळ्यात स्वस्त आणि खरा उपाय म्हणजे पाण्यावर वारा. टाकीचं झाकण काढा, वर जाळी बसवा म्हणजे मासा उडी मारून बाहेर पडणार नाही, आणि दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावा. खानदेशातला उन्हाळा कोरडा असल्यामुळे हा उपाय कोकणापेक्षा इथं कितीतरी जास्त लागू पडतो. एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की ६०० लिटर पाण्यातून साधारण एक अंशाइतकी उष्णता निघून जाते. पंख्यांनी पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंश खाली राहतं. खोलीत कूलर असेल तर उत्तम, पण समोरची खिडकी उघडी ठेवा. दमट हवा कोंडली की टाकीवरचं बाष्पीभवन मंदावतं.

आता यातला महत्त्वाचा भाग, जो हमखास चुकतो. रोज आठ-दहा लिटर पाणी उडून जातं, पण त्यातले क्षार टाकीतच राहतात. ती घट बोअरच्या पाण्यानं भरत गेलात तर महिन्याभरात पाणी भलतंच जड होतं. रोजची घट आरओच्या पाण्यानं भरा. आठवड्याच्या बदलाला मात्र नेहमीचं पाणी. घरच्या आरओच्या बाहेर जाणाऱ्या नळीचं पाणी या कामाला चालत नाही, त्यात क्षार उलट वाढलेले असतात.

बर्फाच्या बाटल्यांवर भिस्त ठेवू नका. दोन लिटरची गोठलेली बाटली ६०० लिटर पाणी फार तर पाव-अर्धा अंश उतरवते. अडीअडचणीला दहा बाटल्या फिरवता येतात, रोज नाही. परवडत असेल तर अर्ध्या अश्वशक्तीचा चिलर घ्या आणि तो खोलीच्या बाहेर वाऱ्याला ठेवा. आतच ठेवला तर पाण्यातली उष्णता तो खोलीत सोडतो.

उन्हाळ्यात खाणं निम्म्यावर आणा आणि ते सकाळी लवकर द्या. दिवे रात्री आठनंतर दोन-तीन तासच.

वीज गेली तर मासे किती वेळ टिकतात?

टाकीत मासे किती आणि पाणी किती तापलेलं, यावर ते अवलंबून आहे. मोठे मासे, ३१ अंश पाणी आणि सगळं बंद, अशा वेळी दोन-तीन तासांत ते वर येऊन धापा टाकू लागतात. म्हणून एअर पंप इन्व्हर्टरवर हवाच. १५ वॉटचा एअर पंप आणि ४० वॉटचा पाण्याचा पंप मिळून ५५ वॉट होतात. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर एवढंच असेल तर दहा-बारा तास सहज जातात. घरातले पंखेही त्याच इन्व्हर्टरवर असतील तर तेवढ्या तासांचा भरवसा धरू नका. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात उतरतं.

बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर उन्हाळ्यात तीन-चार तास बंद राहिला असेल तर वीज आल्याबरोबर सुरू करू नका. आतला ऑक्सिजन संपून पाणी कुजलेलं असतं. डबा उघडा, ते पाणी फेका, आतला मीडिया (स्पंज आणि रिंगा) टाकीच्याच पाण्यात विसळा, मग चालू करा.

फिल्टर कोणता?

संप, म्हणजे मुख्य टाकीच्या खाली ठेवलेली फिल्टरची छोटी टाकी. ६०० लिटरला तासाला ३,५०० ते ४,००० लिटर देणारा पंप, संपात आधी जाडसर स्पंज आणि मग सिरॅमिक रिंग. संप दोन तृतीयांशच भरा. पंप थांबला की पाइपमधलं आणि वरच्या काठापर्यंतचं पाणी खाली येतं, ते मावायला जागा हवी. मासे आणायच्या आधीच पंप बंद करून एकदा बघा, खोलीत पाणी सांडण्यापेक्षा ते बरं.

माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरला बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मासे न घालता हे करता येतं: ६०० लिटरला ४ ग्रॅम शुद्ध अमोनियम क्लोराइड टाकलं की अमोनिया लिटरला सुमारे २ मिलीग्रॅम होतो. बाजारातला नवसागर म्हणजे तेच, पण कल्हईवाल्याकडच्या खड्यात भेसळ असते. प्रयोगशाळेला माल देणाऱ्या दुकानातून घ्या. टाकलेला डोस २४ तासांत संपून अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की टाकी तयार.

गोल्डफिशला इतकी काळजी घेतली नव्हती, अमोनियाचं इथंच एवढं काय?

पीएच जास्त असल्यामुळे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक तुलनेनं निरुपद्रवी आणि एक कल्ले जाळणारा. पीएच ७ आणि २५ अंशांना विषारी भाग शेकडा एकही नसतो. पीएच ८.५ आणि ३० अंशांना तो शेकडा २०च्या आसपास जातो. चाचणीच्या नळीत रंग तोच दिसतो, पण परिणाम तिसेक पटींनी वाढलेला असतो. म्हणून आपल्या टाकीत अमोनिया ‘थोडासा’ हे उत्तर नाही, शून्यच हवा. दर आठवड्याला पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला. काढलेलं पाणी कुंड्यांना, परसातल्या केळीला घाला. सोडा टाकत असाल तर मात्र रोज त्याच झाडाला नको.

किती मासे आणि नर-मादी कसे ठेवायचे?

सहा फुटी टाकीला एक नर आणि चार ते सहा माद्या. लहानपणी ओळखता येत नसल्यामुळे दोन-तीन इंचांची दहा-बारा पिल्लं एकाच घाण्यातली घ्या आणि दीड-दोन वर्षांनी जास्तीचे नर द्या. दोनच मासे ठेवू नयेत, एक दुसऱ्याला कोपऱ्यात दाबून मारतो. जमलेल्या गटात नंतर एकटा नवा मासा सोडणंही वाईट. सोडायचाच असेल तर दगडांची मांडणी बदलून, तीन-चार एकदम, रात्री दिवे बंद करून सोडा.

दगड काळा पाषाण घ्या. तो आपल्याकडे सगळीकडे मिळतो आणि पाण्यात काही सोडत नाही. मोठे दगड आधी थेट टाकीच्या तळावर ठेवा, वाळू नंतर. वाळूवर ठेवलेला दगड मासे खणून पाडतात.

मुंबईहून आणताना मासे वाटेतच का मरतात?

बऱ्याचदा वाटेत नाही, घरी पोचल्यावर मरतात. पिशवीत आठ-दहा तासांत अमोनिया साचतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि मासा त्याच पाण्यात भाजून निघतो. म्हणून तास-तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी २० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, उघडा, टाकीतलं थोडं पाणी दोनदा घाला आणि पाच-दहा मिनिटांत जाळीनं मासा आत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

विकणाऱ्याला सांगून दोन दिवस उपाशी ठेवून घ्या. थर्मोकोलची पेटी वापरा आणि रात्रीच्या गाडीनं या. एप्रिल ते जून तर आणूच नका. नवे मासे चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा.

खायला काय द्यावं?

बुडणाऱ्या गोळ्या हे मुख्य अन्न. सोबत आठवड्यातून दोनदा कोळंबी: सोलून, काळा दोरा काढून, गोठवून, मग वितळवून. नदीतले जिवंत झिंगे आणि छोटे मासे थेट देऊ नका, त्यांच्याबरोबर रोग येतात. खारवलेली सुकट नको. कोंबडी-मटण तर अजिबात नको. ती चरबी या माशाला पचत नाही आणि यकृतात साचते. पिल्लांना दिवसातून दोनदा, मोठ्यांना एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं. आठवड्यातून एक दिवस उपास.

तरंगणाऱ्या गोळ्या टाळायचं कारण वेगळं आहे. सरोवरात हा मासा ३० मीटर आणि त्याहून खोल पाण्यात राहतो. वर येऊन गोळी घेताना तो हवाही गिळतो आणि मग शेपूट वर करून तरंगत राहतो. तसं दिसलं तर तीन दिवस खाणं बंद करा, बहुतेक मासे आपोआप सावरतात.

मासा फुगलाय आणि खात नाही. काय करू?

आधी विष्ठा बघा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा, अंधारात कोपऱ्यात थांबणं, भरभर श्वास आणि फुगलेलं पोट हे सगळं एकत्र दिसलं तर तो ब्लोट. उशीर झाला की वाचत नाही. खाणं थांबलं त्याच दिवशी हालचाल करा: अमोनिया-नायट्राइट तपासा, ३० टक्के पाणी बदला, माशाला वेगळ्या टाकीत न्या. पशुवैद्यांना विचारून मेट्रोनिडॅझोल वापरतात. प्रमाण साधारण ४०० मिलीग्रॅमची एक गोळी ६० लिटरला, दिवसाआड पाव पाणी बदलून पुन्हा, पाच ते सात दिवस. औषध चालू असताना फिल्टरमध्ये कोळसा असेल तर तो काढून ठेवा आणि हवा वाढवा.

मादी खात नसेल, पण हनुवटी खाली फुगलेली असेल तर औषध देऊ नका. तिच्या तोंडात अंडी आहेत.

मग त्या मादीचं काय करायचं?

काहीच नाही, तिला तिथंच राहू द्या. अंडी २० ते ६०, आकारानं बरीच मोठी. चार-पाच आठवडे ती तोंडात ठेवते आणि त्या काळात जवळजवळ खात नाही. पहिल्या एक-दोन खेपांना गिळून टाकते, ते नेहमीचंच. तीन आठवड्यांनंतर रात्री अलगद वेगळ्या टाकीत नेता येतं. दीड-दोन सेंटीमीटरची पिल्लं बाहेर पडली की आर्टिमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक झिंगे) आणि बारीक केलेल्या गोळ्या द्या. वाढ सावकाश असते, मोठं व्हायला तीन-चार वर्षं जातात.

सोबत दुसरे मासे?

तोंडात मावेल तो मासा रात्री नाहीसा होतो, एवढं धरून चाला. टँगानिकातलेच कॅल्व्हस आणि कॉम्प्रेसिसेप्स मोठे झालेले असतील तर चालतात. मलावीचे भडक, भांडखोर सिक्लिड नकोत, शांत फ्रंटोसाला ते खाऊच देत नाहीत. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर, अरोवानाही नकोत. ठिपक्यांचा कुकू कॅटफिश दिसायला छान, पण तो आपली अंडी सिक्लिडच्या अंड्यांत मिसळतो, मादी ती तोंडात घेते आणि त्याची पिल्लं आत माशाची पिल्लं खातात.

मासे फार मोठे झाले. गिरणा किंवा तापीत सोडले तर?

सोडू नका, धरणातही नको. आफ्रिकेतलाच दुसरा सिक्लिड, मोझांबिक तिलापिया, १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज नद्या-तलावांत इथल्या माशांची जागा अडवून बसला आहे. आपल्याकडचं जड पाणी फ्रंटोसाला मानवतं, म्हणून ही काळजी इथं जास्त. दुकानदाराला परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या.

लग्नसराईत आठ-दहा दिवस घर बंद असेल तर?

मोठे मासे दहा दिवस न खाता आरामात राहतात. शेजाऱ्याला खायला घालायला सांगू नका, तो प्रेमानं जास्तच घालतो. विरघळणाऱ्या खाऊच्या वड्याही टाकू नका, त्यानं अमोनिया चढतो. निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, स्पंज धुवा. शेजाऱ्याकडे तीनच कामं द्या: रोज तापमान बघणं, आरओच्या पाण्यानं खुणेपर्यंत घट भरणं, आणि वीज जास्त वेळ गेली तर इन्व्हर्टरवर एअर पंप चालू आहे ना हे बघणं. काचेवर पातळीची खूण मार्करनं करून ठेवा. तापमान ३१च्या वर दिसलं तर फोन करायला सांगा आणि कूलरची टाकी भरायची कशी हे जाण्याआधी त्याला एकदा दाखवा.